त्या दिवशी नळ आले होते

माझी बायको कांता गेल्याचं मला ज्याने सांगितलं, त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. संत्र्याच्या बागेतला रखवालदार होता. सकाळचे सात वाजत आले होते. मे महिना, ऊन तेव्हाच अंगावर यायला लागलं होतं. त्याने मोटरसायकल फाटकाशी उभी केली, पण बंद केली नाही. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला होता.

"मास्तरीणबाईचं घर हेच काय?"

"काहून?"

"बाई मोरीपाशी पडल्या हायेत. खाली, बाभळीच्या बुडाशी. लाइट आली म्हणून मी मोटर लावाले गेलो, तं दिसल्या. चला लवकर."

"पडल्या म्हणजे? पाय घसरला काय?"

अंगणातल्या कडुलिंबाला आमचा कुत्रा, डिझेल, बांधलेला होता. भुंकून भुंकून त्याचा आवाज बसला होता. रखवालदार त्याच्याकडे पाहत राहिला.

"कुत्रं घरीच हाये? रोज तं बाईसंग राह्यते."

"तुला काय करायचं कुत्र्याशी?" मी ओरडलो. "चल, गाडी वळव."

धावत निरोप घेऊन आलेल्या माणसावर मी ओरडलो. त्या दहा-अकरा दिवसांत मी पुष्कळ लोकांवर ओरडलो, त्यातला हा पहिला.

मोरी, म्हणजे रस्त्याखालचा छोटा पूल, आमच्या घरापासून वीस मिनिटांच्या चालीवर आहे, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला. कांता रस्त्यावरून दिसणार नाही अशा जागी, उताराला पडली होती. सावली पाहून बसायला गेली असेल. एक चप्पल पायात होती, एक नव्हती. फोन हातात होता. मी हाक मारली. हात धरला तेव्हा मला कळलं, पण मी रखवालदाराला म्हणालो, "ऑटो आण, दवाखान्यात न्यायचं आहे." तो गेला आणि ऑटो घेऊन आला.

दवाखान्यातला डॉक्टर पोरगेलासा होता. त्याने तपासलं आणि विचारलं, "कधी त्रास झाला यांना?"

"मी नव्हतो सोबत."

"तासाभरापूर्वी आणलं असतं तर काही तरी करून पाहता आलं असतं."

तो वाईट बोलला नाही. जे होतं ते बोलला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो कागद घेऊन दुसऱ्या खोलीत गेला.

प्रणिता, आमची एकुलती एक मुलगी, नागपूरला राहते. ती अकराच्या सुमारास घरी पोचली, तोवर कांताला आणलं होतं. जावई, नितीन, गाडी लावत होते तेवढ्यात ती आत आली. आईजवळ बसली, तिच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ बसली. मग उठली, मला मागच्या खोलीत घेऊन गेली आणि फोन माझ्यासमोर धरला.

"बाबा, हे पाहा. आईचा फोन आला होता मला. पाच पंचवीसला. मी झोपले होते. सातला उठल्यावर पाहिला, परत लावला, तर उचलला नाही कुणी."

मी फोनकडे पाहिलं. चष्मा नव्हता, मला आकडे दिसत नव्हते.

"डिझेल किती वाजता घरी आला?" तिने विचारलं.

तिला काय हवं होतं ते मला तिथेच कळलं. आमची रोजची पद्धत तिला माहीत होती. पाचला घर सोडायचं, वीस मिनिटांत मोरी, तिथे थोडं बसायचं आणि ऊन चढायच्या आत परत. डिझेल आईला सोडून आला म्हणजे आई त्याच्या थोडी आधी पडली. तो पाच-चाळीसच्या सुमाराला आला असेल तर पाच पंचवीसचा फोन आईने पडल्यावर, मदतीसाठी केला होता. तो उशिरा आला असेल तर आई तेव्हा ठणठणीत होती आणि फोन हातातल्या हातात कुठे तरी दाबला गेला होता. कांताचा फोन असा नेहमी दाबला जायचा.

"साडेसहाला," मी म्हणालो.

"नक्की?"

"घड्याळ पाहिलं मी."

तिने डोळे मिटले आणि भिंतीला टेकली.

पण प्रणिता कांताचीच मुलगी. कांताने तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. पोरगं खोटं बोलतंय हे तिला त्याच्या पाठीवरून कळायचं. प्रणिताने माझी पाठ सोडली नाही. तिसऱ्या दिवशी, पाव्हणे अंगणात बसलेले असताना, चहाचे कप विसळता विसळता तिने विचारलं, "तुम्ही का नव्हता गेला त्या दिवशी?"

"गुडघा दुखत होता."

"आई आदल्या रात्री फोनवर काही बोलली नाही गुडघ्याचं."

"प्रत्येक गोष्ट तुला सांगायची काय तिने?"

"सांगायची ती. साडेसहाला डिझेल आला, म्हणता. रखवालदार सातला आला. मधे काय करत होता?"

"आंघोळ."

"कुत्रा एकटा आला, दोरी ओढत, आणि तुम्ही आंघोळीला गेला?"

"तू पोलिसात नोकरीला लागलीस काय? आई मेली आहे तुझी. कप विसळ."

तिने हातातला कप इतक्या जोरात ठेवला की दांडी निघाली. त्यानंतर आम्ही दोघं फक्त कामापुरतं बोलत होतो. गहू किती दळायचे, सतरंज्या कुणाकडून आणायच्या, एवढंच.

घरात त्या दिवसांत सगळ्यांचा लाडका झाला तो डिझेल. येणारा प्रत्येक जण त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा. "मुकं जनावर, पण पाहा, सांगायला आला. माणसाला जमत नाही ते त्यानं केलं." मला ते सहन होत नव्हतं. तो कुत्रा मीच आणलेला. मी एसटीच्या डेपोत मेकॅनिक होतो. निवृत्त व्हायच्या वर्षी कामाच्या खड्ड्यात एक कुत्री व्यायली, त्यातलं हे काळं पिल्लू तेलात लोळून यायचं. म्हणून डिझेल. पण घरी आल्यावर तो कांताचा झाला. आता ती नव्हती, तरी तो रोज पहाटे पाचला माझ्या खाटेशी यायचा, चादरीचं टोक दातात धरून ओढायचा. सहाव्या दिवशी मी त्याला चपलेने मारलं. प्रणिताने ते दारातून पाहिलं. डिझेलला उचलून घेऊन गेली आणि पुढचे दिवस त्याला आपल्याच खोलीत ठेवलं.

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. मे महिन्यात आमच्या नदीत पाणी कुठे असतं? एका डोहात थोडं होतं, तिथेच सगळे जण करतात. कांताचे थोरले भाऊ, गुणवंतराव, गावाहून आले होते. प्रणिता पिंडदान करणार म्हटल्यावर त्यांचं तोंड वाकडं झालं.

"पोरीच्या हातून? मी भाऊ जिता हावो ना अजून."

"तुमची बहीण मुलीकडून करा म्हणायची," मी सांगितलं. "तुम्ही आलात, बसा सावलीत."

"भाऊजी, तुमची बोलाची पद्धत कधी सुधरली नाही. चाळीस वर्सं झाली."

"बहीण कशाला दिली मग?"

विधी सांगणारे महाराज मधे पडले. प्रणिताने सांगतील तसं सगळं केलं. पिंड पत्रावळीवर ठेवून एका सपाट दगडावर नेऊन ठेवला, आणि आम्ही पंधरा-वीस माणसं मागे येऊन उभी राहिलो. बाभळीवर आठ-दहा कावळे होते. एकही हलेना. दगड तापले होते. बायकांनी पदर डोक्यावरून पुढे ओढले. दहा मिनिटं गेली, वीस गेली.

गुणवंतराव पुढे गेले, हात जोडले. "कांते, पोरीची काळजी करू नको. मी हावो."

कावळे जागेवर.

जावयांनी हात जोडले. प्रणिता म्हणाली, "आई, बाबांकडे मी लक्ष देईन. डिझेलला सांभाळू आम्ही."

एक कावळा उडाला, पलीकडच्या फांदीवर जाऊन बसला.

"भाऊजी, तुमी बोला," गुणवंतराव म्हणाले. "तिचा जीव तुमच्यातच अडकला असंन."

"मी या गोष्टी मानत नाही."

"मानू नका. बोलाले काय जाते?"

मी मागेच उभा राहिलो. महाराज दर्भ हातात घेऊन वळायला लागले. खरा कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात. तेवढ्यात बेबीताई पुढे झाल्या.

बेबीताई ढोले आमच्या शेजारच्या. भिंतीला भिंत. कांताची आणि त्यांची अठ्ठावीस वर्षांची मैत्री. कांताने त्यांना वाचनालयाचं सभासद केलं होतं, पुस्तकांवर त्यांच्या ओट्यावर रोज बोलणं व्हायचं. बाई साधी होती, कुणाच्या अध्यातमध्यात नसायची. त्या दगडाजवळ जाऊन उभ्या राहिल्या, हात जोडले, आणि बाभळीकडे पाहून बोलायला लागल्या. आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"बाई, मला माफ करा. माझ्यामुळं तुमचा जीव अडकला असंल तर माफ करा. मी त्या दिवशी डिझेलला एकटं येताना पाहिलं. दोरी घासत येत होता. नळ आले होते, मी पाण्याचे गुंड भरत होते. मला वाटलं, असा कसा आला एकटा, जाऊन पाहावं. पण पाणी जाईल म्हणून मी गुंड सोडून उठले नाही. तीन दिवसांनी नळ आले होते, बाई. मी उठायला पाहिजे होतं."

आमच्याकडे नळ सकाळी साडेपाचला येतात. सहा-सव्वासहाला जातात. हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

प्रणिता हळूहळू माझ्याकडे वळली. तिने मला काही विचारलं नाही. तिने बेबीताईंना विचारलं.

"काकू, नळ चालू होते? नक्की?"

"हो ना बाई. दुसरा गुंड लावला होता."

"खोटं आहे!" मी पुढे झालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "नळ आदल्या दिवशी होते. त्या दिवशी नळ आलेच नाहीत. ही बाई दिवस एकात एक करते आहे."

"नाही हो भाऊ, मी..."

"तुम्हाला आठवतं काय? उन्हाळ्यात नळ कधी दोन दिवसांनी, कधी चार दिवसांनी, तुम्ही काय कॅलेंडरवर लिहून ठेवता? दहाव्याच्या जागी येऊन तमाशा करायचा, चार लोकांनी आपल्याकडे पाहावं म्हणून! माझ्या बायकोच्या पिंडासमोर खोटं बोलायला लाज वाटत नाही? डिझेल साडेसहाला आला. मी घरात होतो. मी दार उघडलं. साडेसहाला आला तो!"

मी त्यांच्या अंगावर धावून गेल्यासारखा गेलो असेन. बेबीताई चार पावलं मागे सरल्या, त्यांच्यासोबत त्यांचे मिस्टरही सरले. दगडाजवळची जागा मोकळी झाली.

आणि कावळा उतरला. एक, मग लगेच दुसरा. पहिल्याने पिंडात चोच घातली.

कुणी तरी "शिवला, शिवला" म्हणालं. महाराजांनी दर्भ खाली ठेवला. गुणवंतरावांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, "पाहा. तुमच्या बोलावरच आला. खरं ते खरं राह्यते, बाप्पा."

बेबीताईंकडे सगळ्यांनी एकदा पाहिलं आणि तोंडं फिरवली. त्या कावळ्याकडे पाहत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटतं, त्या दिवस मोजत होत्या.

मी कावळ्याचं मानत नव्हतो, आजही मानत नाही. त्याला भूक लागली होती आणि माणसं बाजूला झाली, एवढंच. पण त्या क्षणी मला तो हवा होता, आणि मी त्याला नाही म्हटलं नाही.

घरी आल्यावर पानं मांडली जात होती. प्रणिता स्वयंपाकघरात आली, दार लोटून घेतलं. दहा दिवसांत पहिल्यांदा ती माझ्या जवळ येऊन उभी राहिली.

"बाबा, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"मला वाटत होतं तुम्ही काही तरी लपवताय. रात्रंदिवस तोच फोन डोळ्यासमोर यायचा. आई मला बोलावते आहे आणि मी कूस बदलून झोपते आहे. नितीनलाही बोलले नाही मी." ती रडत नव्हती, भराभर बोलत होती. "आता कळलं ना. तेव्हा आई बरी होती. चालत असेल, हातात दाबला गेला असेल फोन. तुम्हाला नाही नाही ते बोलले मी. काकूंचंही ऐकलं."

ती माझ्या खांद्याला डोकं लावायला आली. मी बाजूला झालो आणि वरणाचं पातेलं उचललं.

"वाढायला घे. लोक खोळंबले आहेत."

ती हसली. तिला वाटलं, बाबा असेच आहेत.

आता त्या सकाळचं सांगतो.

मी सातवी शिकलेला माणूस. निवृत्त झाल्यावर कांताने मला वाचायला लावलं. रोज थोडं वाचायचं आणि सकाळी फिरायला गेलं की मोरीवर बसून तिला सांगायचं. "पाठ नका करू, समजलं ते सांगा," ती म्हणायची. सुरुवातीला मला राग यायचा, पुढे आवडायला लागलं. उन्हाळ्यात तर मी त्यासाठीच उठायचो. पण त्या आठवड्यात मी एका जाड कादंबरीत अडकलो होतो. जहाजावरच्या लोकांची होती. दहा-बारा नावं, सगळी सारखीच वाटायची. तीन आठवडे झाले, पुस्तक पुढे सरकेना.

आदल्या संध्याकाळी बेबीताईंच्या ओट्यावर आम्ही चौघं बसलो होतो. कांता हसत हसत म्हणाली, "यांना विचारा बरं, कप्तानाचं नाव काय?" मी नाव सांगितलं. ते स्वयंपाक्याचं निघालं. तिघं हसले. कांता जास्त हसली. "तीन आठवडे हे स्वयंपाक्यालाच कप्तान समजून राहिले! म्हणून म्हटलं, जहाज पुढे का जात नाही." बेबीताईंच्या मिस्टरांनी मांडीवर थाप मारली.

मी उठून घरी आलो. ती मागून आली, तेव्हा म्हणालो, "उद्यापासून एकटी जात जा. मला परीक्षा द्यायची नाही."

"अहो, गंमत केली."

"लोकांसमोर?"

"बेबी काय लोक आहे?"

मी भिंतीकडे तोंड करून झोपलो.

पहाटे ती उठली, तिने दोनदा हाक मारली. मी जागा होतो. "गुडघा दुखतो आहे," म्हणालो. तिला ते खोटं आहे हे कळलं, कारण ती म्हणाली, "बरं. दुखणं उतरलं की या मागून." आणि डिझेलला घेऊन गेली.

असं रुसणं आमच्यात आधीही झालं होतं, दोघांकडूनही. मी रुसून घरी राहिलो की ती अर्ध्या रस्त्यात डिझेलला सोडायची आणि सांगायची, "जा, बाबांना घेऊन ये." तो धावत घरी यायचा, माझी चादर ओढायचा. मी शिव्या देत उठायचो, चप्पल घालायचो, आणि ती कुठे तरी वाटेत उभी राहून हसत असायची. पाच-सहा वेळा असं झालं असेल. कुत्र्याला ते कामच वाटायचं.

त्या दिवशी डिझेल पाच-चाळीसला आला. मी खरोखरच घड्याळ पाहिलं होतं. त्याने चादर ओढली. मी म्हणालो, "आलास काय निरोप घेऊन? तिला सांग, येत नाही." त्याने परत ओढली. फाटकापर्यंत गेला, परत आला, धोतराचा सोगा धरला. त्याच्या तोंडाला फेस आला होता. रोज येत नव्हता. मला तो दिसला होता. पण मला वाटलं, आज लवकर तापलं आहे.

मी त्याला कडुलिंबाला बांधलं. दार लावून घेतलं. आणि कादंबरी काढून बसलो. ती परत येईल तेव्हा कप्तानाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, जहाजाचं नाव, सगळं तिच्या तोंडावर फेकायचं असं ठरवलं होतं. बाहेर डिझेल भुंकत होता. मी आतून दोनदा ओरडलो. त्या दिवशी मी सत्तावीस पानं वाचली. एका बैठकीत एवढी पानं मी आयुष्यात कधी वाचली नव्हती, आणि मला ती सगळी समजली. ती येईना म्हणून मला वाटत होतं, मोरीवर बसून वाट पाहते आहे, आता उन्हात बस थोडी.

मग मोटरसायकल आली.

याला आता आठ वर्षं झाली. डिझेल चार वर्षांपूर्वी गेला. त्याला मी परत कधी मारलं नाही, पण त्याच्यासोबत मोरीकडेही गेलो नाही. आम्ही बाजाराच्या बाजूने फिरायचो. प्रणिता दर रविवारी फोन करते, मेमध्ये आठ दिवस येऊन राहते. आईची आठवण काढते तेव्हा हसून काढते. एकदा म्हणाली, "बरं झालं बाबा, आईला फार वेळ नाही पडून राहावं लागलं." मी टीव्हीचा आवाज वाढवला.

तिला सांगितलं तर तो पाच पंचवीसचा फोन परत तिच्या छातीवर येऊन बसेल, असं मी स्वतःला सांगतो. त्यात थोडं खरं आहे. फार नाही.

बेबीताई त्या दिवसानंतर आमच्याकडे आल्या नाहीत. गल्लीत बरेच दिवस चर्चा होती. कावळ्यानेच खोटं पाडलं म्हटल्यावर कोण ऐकतं? बायका त्यांना काही विचारलं की हसायच्या, "बेबीताई, नक्की का? की नळासारखं?" त्या कुणाच्या दहाव्याला जात नाहीत. वाचनालयही सुटलं. समोर आल्या की मीच रस्ता बदलतो, आणि लोकांना वाटतं, झाल्या गोष्टीचा मला अजून राग आहे.

यंदा एप्रिलमध्ये त्यांचे मिस्टर फाटकाशी थांबले. मी झाडांना पाणी घालत होतो. ते आत आले नाहीत.

"एक विचारू भाऊ? राग नका मानू."

"विचारा."

"ती अजून विचारते मला. मधेच उठून विचारते, त्या दिवशी नळ आले होते का हो? मी म्हणतो, जाऊ दे ना आता. तर म्हणते, मी गुंड भरला होता, माझ्या हाताला आठवतं. मग म्हणते, कावळा कसा शिवला मग, माझंच चुकलं असंल. तुम्हाला पक्कं आठवते ना?"

"इतक्या वर्षांचं कुणाला आठवतं," मी म्हणालो. "वय झालं आपलं."

"हो ना. मी तेच म्हणतो तिला," ते म्हणाले आणि गेले.

त्या दिवशी नळ आले होते. मी आत बसून वाचत होतो तेव्हा आमच्याही टाक्यात पाणी पडत होतं, मला त्याचा आवाज येत होता. हे मी बेबीताईंना सांगितलेलं नाही. प्रणितालाही सांगितलेलं नाही.